घड्याळ माझ्या हातात

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

दुपारी बारा वाजून सतरा मिनिटं. घड्याळ पाहायची सवय आहे म्हणून पाहिलं. या मिनिटाच्या आधीचा भुपेंद्र वेगळा आणि नंतरचा वेगळा.

चुन्नीलालकाकांच्या घरी साक्षगंध होतं. गावात कोणाकडे पाहुणे आले की वाढायला आम्ही पोरं जातो, तसा गेलो. आई फोनवर इतकंच म्हणाली होती की काकांच्या पोरीचं जमलं. काकांना दोन पोरी. मोठी नागपूरला नर्स आहे, तिचं जमणार जमणार असं गाव चार वर्षांपासून म्हणून राहिलं. मी मोठीचंच समजलो. सराव सोडून दोन दिवस आधी आलो, मांडव बांधला, वांग्याच्या भाजीत उलथनं फिरवलं, बर्फाच्या लाद्या फोडल्या.

दारात गाडी थांबली आणि आतून इंद्रकुमार उतरला. कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर टिळा. माझा इंदर. ज्याच्या खांद्याला खांदा लावून मी चार वर्षं रोज पळतो, एका खोलीत राहतो, एका ताटात जेवतो. आणि आतून पाटावर बसवायला आणली ती गुंजन. मोठी नाही, गुंजन. माझ्या हातात भाजीची बादली.

त्याने मला पाहिलं आणि बत्तीस दात दाखवले. "काऊन बे भुप्या, कसा झटका देल्ला? तुलेच सांगाचं होतं पहिले. पण बाबा म्हणे, पक्कं होयेपर्यंत तोंड उघडशील त पाय तोडीन."

मी त्याच्या पानात भाजी वाढली. तिच्याही वाढली. "थोडीच रे," ती म्हणाली. मी दोन पळ्या टाकल्या.

सोडणार नाही त्याला.

२५ नोव्हेंबर

झोप आली नाही. लिहिलं तर डोकं थंड होईल म्हणून ही वही. अजून तरी होऊन नाही राहिलं.

गुंजन आणि मी गोंदियाजवळच्या गोरेगावच्या कॉलेजात एका वर्गात होतो, बीएस्सी. दुसऱ्या वर्षी रसायनच्या प्रॅक्टिकलला माझ्या हातून परीक्षानळी फुटली, सर सगळ्यांसमोर बोलले, मी त्यांना उलट बोललो. बाहेर पायरीवर बसलो होतो तर ती आली आणि म्हणाली, "तू इथं काय करून राहिला? तुले त पळता येते. पळ ना मग." दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजला गेलो नाही. बाबा महिनाभर बोलले नाहीत. मी म्हटलं, एक दिवस मेडल घेऊन तिच्या दारात उभा राहीन, तेव्हाच तोंड उघडीन. त्याआधी बोलणं म्हणजे हलकेपणा.

तिला ठाऊक होतं. असं कोणी कोणाला उगाच 'पळ' म्हणत नाही.

२८ नोव्हेंबर, सडक अर्जुनी

खोलीवर परत आलो. बियाण्यांच्या दुकानावरच्या या खोलीचा वास आता नाकात बसतो. इंदर माझ्याआधी पोचलेला. खिचडी करून ठेवली होती, माझी बनियानही धुऊन वाळत घातली होती. किती गुळगुळीत माणूस आहे हा. असाच त्याने काकांना घोळात घेतला असणार.

जागेश्वर सरांनी संध्याकाळी बोलावलं. नऊ फेब्रुवारीला नागपूरची निवड मॅरेथॉन. पहिला येईल त्याला राष्ट्रीय शिबिर, बाकीच्यांना घरचा रस्ता. माझी सर्वांत चांगली वेळ दोन तेवीस पंधरा, इंदरची दोन बावीस चाळीस. सरांना दोन वीस पाहिजे, म्हणजे किलोमीटरला तीन मिनिटं वीस सेकंद, बेचाळीस वेळा. सर म्हणाले, "चाळीसपर्यंत जोडी. मग ज्याच्यात दम असन त्याचं."

सरांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शंकरपटाचे, शर्यतीचे बैल. ते स्वतः धुरकरी, पटात जोडी हाकणारे होते, मग शाळेत पीटी मास्तर झाले. पोरांनाही ते बैलांसारखंच जुंपतात, जोडीजोडीनं. मी डावा, इंदर उजवा. घड्याळ जोडीत एकाच्याच हातात. दोघांनी पाहिलं की दोघंही भितात, असं सरांचं गणित. डावा घड्याळ पाहतो आणि किलोमीटरला आकडा बोलतो. उजवा फक्त रस्ता पाहतो. इंदरने चार वर्षांत स्वतःच्या मनगटावर घड्याळ बांधलं नाही.

सर म्हणाले, "भुपेंद्र, तूच त्याचे डोळे आहेस."

२ डिसेंबर

सोळा किलोमीटर, मग मैदानावर दहा वेळा चारशे. इंदर मध्येच म्हणाला, "गुंजन म्हणे तू कॉलेजात लय तापट होता." मी शेवटचे चारशे एकसष्ट सेकंदांत मारले आणि कडेला ओकलो. त्याने पाठ चोळून दिली.

९ डिसेंबर

सापडलं.

आज कालव्याच्या पाळीवर पळताना तो म्हणाला, "किती?" मी म्हणालो, "तीन चाळीस." होते तीन छत्तीस. खरंच चुकून बोललो, डोळ्यांत घाम गेला होता. त्याने मान डोलावली आणि पाय थोडे लांब टाकले. काही विचारलं नाही. मी सांगेन तोच त्याचा वेग.

म्हणजे नागपुरात मी 'तीन वीस' म्हणत त्याला तीन चौदाने नेऊ शकतो. त्याला वाटेल रोजचंच चाललंय. पस्तीसच्या पुढे त्याचे पाय दगडाचे होतील, तो रस्त्याच्या कडेला बसेल, आणि काठावर चुन्नीलालकाका, गुंजन, सगळं सासर उभं असेल. तेव्हा मी बाजूने निघून जाईन. वळूनही पाहणार नाही.

हे फुकटात होणार नाही, मलाही चौदाने पळावं लागेल. पण मला माहीत असेल. तयार माणूस आणि बेसावध माणूस यांत फरक असतो.

१३ डिसेंबर, शुक्रवार

पहिला खोटा लाँग रन. सौंदडपर्यंत जाऊन परत आणि पुढे कालव्याने, पस्तीस किलोमीटर. प्रत्येक किलोमीटरला सहा सेकंद चोरले. तो बिचारा ट्रकवाल्यांना हात करत पळत होता. धाब्याजवळ एका ड्रायव्हरने विचारलं, "कौन पीछे पड़ा है भाई?" तर हा म्हणतो, "बाजूमेंच है!"

परतल्यावर बसला आणि म्हणाला, "काय बे, आज पाय हलके वाटून राहिले." थकून बोलतात लोक असं. रात्री पोटरी आखडली म्हणून तीनदा उठलो, ते थंडीमुळे.

२२ डिसेंबर

गुंजनचा फोन. माझा नंबर तिच्याकडे होता! एवढी वर्षं होता!

"भुपेंद्र, एक विचारू? त्यांले सांगू नको पण."

मी फोन घेऊन जिन्यात आलो. मी म्हटलं विचार.

"त्यांले खायाले काय आवडते रे? संक्रांतीले येणार आहेत. आई म्हणे तूच त्यांच्या खोलीत राहतो त तुलेच माहीत."

मी म्हटलं, कारलं. कारल्याची भाजी आणि भरपूर मिरची.

"खरंच?"

"जीव टाकते."

तिचा आवाज दाटलेला होता. मी विचारलं रडलीस का. म्हणाली सर्दी झाली. मला समजतं. असं आपलं दुःख कोणी फोनवर सांगत नाही.

५ जानेवारी २०२५

सर आम्हाला पट पाहायला घेऊन गेले. धूळ, भोंगे, भजी, माणसांची भिंत. सर आमच्या कानाशी ओरडून सांगत होते. एक जोडी फार वेगात सुटली आणि अर्ध्यात वाकडी झाली. सर म्हणाले, "तो डावा पाह्य. रस्ता सोडून बाजूच्याकडंच पाहून राहिला. असा बैल कितीबी खाऊ घाला, पटाचा नाही."

मी मनात म्हटलं, इंदरला बोलून राहिले सर. बरोबर बोलले.

१५ जानेवारी

संक्रांत करून आला. म्हणे सासरी तिखट कारलं वाढलं, डोळ्यांतून पाणी, तरी दोनदा मागून घेतलं, कारण "तिनं केलं होतं बे." तिळाच्या लाडवांचा डबा माझ्यासाठी वेगळा पाठवला होता. मी एकही खाल्ला नाही. (तीन खाल्ले. वजन घटून राहिलं म्हणून सर ओरडतात.)

२४ जानेवारी, शुक्रवार

शेवटचा मोठा रन, अडतीस किलोमीटर. शेवटचे दहा तीन चौदाने. तोंडाने 'वीस, वीस, वीस'. इंदर शेवटी हसत होता. माझं घोट्यापासून गुडघ्यापर्यंत हाड दुखतं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "इंदर खुलून राहिला आणि तू काऊन वाळून राहिला? काही आहे काय मनात?"

"काही नाही सर."

"तू खांदे कानाले लावून पळतोस आजकाल. कोणाले भेतोस?"

मी कोणाला भीत नाही. भ्यायची पाळी दुसऱ्याची आहे.

८ फेब्रुवारी, नागपूर

लॉजमध्ये दोन पलंग. इंदर घोरतोय, संध्याकाळचे सात वाजलेत. उद्या धावणाऱ्यांच्या पुढे फक्त मोटारसायकल असणार, घड्याळाची गाडी नाही, हे मी आज जाऊन विचारून आलो. अर्ध्या अंतरावर कमानीवर एक मोठं घड्याळ लावणार आहेत. पण तो वर पाहत नाही. उजवा रस्ता पाहतो.

झोपायच्या आधी म्हणाला, "भुप्या, मी पडलो तरी तू थांबू नको हं. एक त जायेल ना आपल्यातला."

किती नाटकी.

१० फेब्रुवारी, सोमवार

कालचं लिहितो. आज बोटं चालतात.

पहिला किलोमीटर तीन चौदा. "तीन वीस," मी म्हणालो. पाचला सोळा दहा, सांगितलं सोळा चाळीस. दहाला बत्तीस वीस, सांगितलं तेहेतीस वीस. आमच्यासोबत कोल्हापूरकडचे तिघं होते, ते चौदाव्या किलोमीटरच्या आसपास गळाले. मग रस्त्यावर फक्त आमचे चार पाय, टप टप, एकदमच पडणारे.

मी प्रत्येक आकडा बघत होतो. चौदा. परत चौदा. छातीतून आवाज यायचा, अबे हे जास्त आहे, हे आपलं नाही. कमानीखालून गेलो तेव्हा घड्याळात एक तास आठ मिनिटं आणि काही सेकंद. एवढ्या वेगात मी आयुष्यात अर्धी मॅरेथॉनही पळालो नव्हतो. मी त्याच्याकडे पाहिलं. तो रस्ता पाहत होता. ओठांवर हसू. पंचविसाला म्हणतो, "आज मस्त चालून राहिलं ना बे?"

अठ्ठावीसला माझी उजवी पोटरी दगड झाली. तिसाला तोंड कोरडं. एकतीसला डोळ्यांसमोर पांढरं. मी वाट पाहत होतो की आता तो पडेल, आता पडेल. त्याला पाहता पाहता त्याची पाठ दिसायला लागली. पाठ. चार वर्षांत मी त्याची पाठ कधी पाहिली नव्हती, कायम खांदा पाहिला.

तो वळला. "चल ना बे!"

"जा," मी ओरडलो. मनात होतं, जा आणि मर. तोंडातून नुसतं 'जा' निघालं.

तो गेला. दोन तास सोळा मिनिटं बावन्न सेकंद. पहिला. मी अडतीसला चाललो, चाळीसला बसलो, मग उठलो. दोन तेहेतीस, चौदावा. शेवटाला सगळं सासर उभं होतं, ठरवलं होतं तसंच. माझ्याकडे पाहून टाळ्या वाजवून राहिले होते.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज सत्कार. मला वाटलं त्याचा. दोघांचा निघाला.

सरांनी माइक घेतला. म्हणाले, इंदरने मला सगळं सांगितलं. म्हणाले, "असा डावा नशिबानं भेटतो. खोटे आकडे सांगून, भीती आपल्या छातीवर घेऊन, यानं जोडीदाराला ओढत नेलं आणि मागं पडल्यावर म्हणाला, जा. आपली दौड जाळली यानं." लोक उभे राहिले. शाल, नारळ. माझे बाबा पुढच्या रांगेत डोळे पुसत होते. कॉलेज सोडल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं.

इंदरला माहीत होतं? केव्हापासून?

मग गुंजन आली. हिरवा शालू नाही, साधा ड्रेस, हातात डबा. "भुपेंद्र, तू नसता त हे झालंच नसतं. खरंच सांगते. लग्नात तूच त्यांच्या बाजूला बसजो. आम्ही दोघांनीबी ठरवलं."

'आम्ही दोघांनीबी.'

मी तिच्याकडे नीट पाहिलं. सर्दी नव्हती. रडलेली नव्हती. कधीच रडलेली नव्हती. ती खूप खूश होती आणि तिला माझ्याबद्दल काहीच माहीत नव्हतं, जसं आपल्याला एसटीत शेजारी बसलेल्याबद्दल माहीत नसतं.

मला मारलं असतं तर बरं झालं असतं. शाल देऊन मारलं. माझा राग होता, माझा एकट्याचा, तोही यांनी काढून घेतला आणि त्याला चांगुलपणा म्हणून राहिले. हे मी त्यांच्याकडे ठेवू देणार नाही. इंदरला सांगणार. त्याच्या पहिल्या नंबरावर थुंकून सांगणार.

१८ फेब्रुवारी, मंगळवार. सौंदड स्टेशन

गोंदियाच्या गाडीला वेळ आहे. बाकावर बसून लिहितो.

दुपारी खोलीत तो शिबिराची बॅग भरत होता. मी म्हणालो, "इंदर, ऐक. मी तुला पुढे काढायला नाही पळालो. पाडायला पळालो."

"काय बोलून राहिला बे?"

"वीस सांगून चौदाने नेलं. पस्तीसला तू बसशील म्हणून. सगळ्यांसमोर."

तो मोजे गुंडाळत हसला. "मले माहीत आहे तू चौदानं नेलं. अर्ध्यावर घडी पाह्यली मी. पण त्याच्या आंधीच समजलं होतं. तोंडानं तू वीस म्हणे अन् श्वास चौदाचा. चार वर्षं ऐकून राहिलो तुहा श्वास. म्हटलं, भुप्या मले भेऊ देऊन नाही राहिला, त आपण गप राहू."

"तुला भिऊ देत नव्हतो असं नाही. तुला मारून राहिलो होतो. डिसेंबरपासून. प्रत्येक लाँग रनला."

आता हसू गेलं. मोजे हातातच राहिले. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरंच बरं वाटलं.

"काऊन पण?"

"गुंजन."

"कोण, आपली गुंजन?"

आपली म्हणाला.

तो पलंगाच्या काठावर बसला. त्याने मोजे बाजूला ठेवले. मग म्हणाला, "तिले माहीत आहे?"

"नाही."

"मले माहीत होतं?"

"नाही."

"मंग माहीत होतं कोणाले, बे? साक्षगंधाच्या आदल्या दिवशी एक शब्द बोलता ना, त मी गाडीतच नसतो बसलो. तुही शपथ, नसतो बसलो. आता काय करू? आता माहा जीव लागला तिच्यावर."

खाली दुकानात कोणी पोतं आपटलं. मी म्हणालो, "तू काही करू नको. फक्त माझा उपकार मानू नको. ते शाल-नारळ सरांना परत दे. सगळ्यांना सांग."

"तू सांग. मी नाही सांगत." त्याचा आवाज बदलला होता. त्याने मला पहिल्यांदा पूर्ण नावाने हाक मारली. "भुपेंद्र, मंग एक सांग. तिसाच्या पाण्याच्या टेबलावर माही बाटली खाली पडली. तू आपली उचलली, एक घोट घेतला अन् बाकीची मले देल्ली. तुहं तोंड फेसानं भरलं होतं. मले पाडाचाच होता, त ते पाणी कायले देल्लं?"

हे मी दहा तारखेला लिहिलं नव्हतं. विसरलो नव्हतो. बाटली हातात आली तेव्हा ती दोघांची होती, एवढंच आठवतं. घोट घेतला, हात आपोआप उजवीकडे गेला. त्या क्षणी मनात गुंजन नव्हती, शिबिर नव्हतं, काही नव्हतं. ते पाणी माझ्याकडे राहिलं असतं तर कदाचित मी त्याच्या बरोबरीने टिकलो असतो.

"बोल ना."

चांगलं तिखट काहीतरी बोलायचं होतं. तीन महिने साठवलेलं सगळं ओठांवर होतं आणि त्यातलं एकही या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. तो वाट पाहत होता. खाऊ की गिळू असा राग त्याच्या तोंडावर होता, आणि तरी तो वाट पाहत होता, जसा आकडा ऐकायला पाहायचा.

"माहीत नाही," मी म्हणालो.

ब्लँकेट, बूट, ही वही पिशवीत कोंबली. त्याने थांब म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.